पुढे सरकलेली पेटी

या, जरा पुढे सरका. पंख्याखालची जागा सोडवत नाही हे कळतं मला, पण तिथे बसलं की अर्धी गोष्ट पंख्याच्या घरघरीत उडून जाते. आपल्याच मंडळातल्या माणसाची गोष्ट आहे. कोणाला बोल लावायला सांगत नाही. रामरायालाही हसू फुटावं अशी आहे, आणि शेवटी माझं एक मागणं आहे, तेवढं ऐकून मग उठा.

श्यामराव पेटीवाले माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते. जन्म कलकत्त्याचा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, घर डमडमला तिसऱ्या मजल्यावर. आमच्या मंडळात चैत्राच्या नवरात्रात, पाडव्यापासून, रोज संध्याकाळी कीर्तन असतं आणि रामनवमीला दुपारी जन्माचं. त्या कीर्तनाला पेटी श्यामरावांची. कीर्तनकार बदलले, तबलजी बदलले, हॉलमधल्या सतरंज्या जाऊन खुर्च्या आल्या, पेटी तीच. त्यांच्या पत्नी सरलाताई पहिल्या रांगेत बसायच्या, आणि गजराला त्यांची टाळी अशी की तबल्याने लय मागून घ्यावी. पण मागच्या वर्षी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घरात काठी धरून फिरतात, तीन जिने मात्र उतरवत नाहीत. त्यामुळे यंदाचं कीर्तन त्यांना दिसायचं ते मंडळाच्या ग्रुपवरच्या फोटोंत. व्हिडिओ टाकला की ग्रुप अडकतो म्हणे, म्हणून फोटोच.

फोटो काढणारा श्रीकांत, आमचा सेक्रेटरी. त्याने नवा फोन घेतला होता, आणि नव्या सुनेचं करावं तसं त्या फोनचं कौतुक चाललं होतं.

पहिल्या दिवशी श्यामराव मेट्रोने घरी पोचले तेव्हा सरलाताई मोबाइल नाकाशी धरून बसल्या होत्या.

"अहो, तुम्ही गेला होतात ना?"

"म्हणजे? इतका वेळ काय स्टेशनवर बसून होतो?"

"मग यात कुठे आहात?"

फोटोत मधोमध मीनाक्षीताई, आमच्या कीर्तनकार, शेल्याच्या काठासकट लखलखीत. त्यांच्या एका बाजूला नवा तबलजी, हसरा, गाल असे की नुकता लोण्यातून काढलाय. आणि दुसऱ्या बाजूला, जिथे श्यामराव असायला हवे होते, तिथे धुकं. धुक्यात एक तपकिरी ढेकूळ, म्हणजे पेटी. ढेकळावर पांढरा ठिपका, म्हणजे टोपी.

"हा मुलगा कोण?" सरलाताईंनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "किती तेज आहे बाई चेहऱ्यावर."

"क्षितिज. बँकेत आहे. नाशिकहून बदली होऊन आलाय, इथे बेहाला भागात राहतो."

"वाजवतो कसा?"

"धावतो," श्यामराव म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रीकांतला गाठलं.

"श्यामकाका, मी काहीच करत नाही. मी नुसतं बटण दाबतो, पुढचं सगळं फोन करतो. तो आधी चेहरे शोधतो, त्यातले मुख्य कोण ते ठरवतो, त्यांना उठाव देतो आणि बाकीचं मागे ढकलतो."

"मुख्य कोण हे त्याला कोणी सांगितलं?"

"त्याचं त्यालाच कळतं."

"अरे वा. मंडळाला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही ते."

"तुमचा चेहरा पेटीत असतो ना काका. फोनला कपाळ, नाक, डोळे लागतात. त्याला तुमची नुसती टोपी सापडते."

श्रीकांत माणूस भला. त्याने सेटिंगमध्ये शिरून हे बंद कर, ते बंद कर, असं बरंच केलं. फोटो काढला की क्षणभर अगदी डोळ्यांना दिसतं तसं दिसायचं, श्यामराव चष्मा वर करून म्हणायचे, "हां, हे बरोबर," आणि त्यांच्या देखतच फोनच्या पडद्यावर एक चक्र फिरायचं आणि फोन चित्र बदलून टाकायचा. हॉलची पिवळट भिंत पांढरी व्हायची. झेंडूला असा काही रंग चढायचा की वास येऊ नये. एकदा तर मीनाक्षीताईंच्या कपाळावरचा बुक्का गायब. मध्यंतराला स्वतः अध्यक्षांनी लावलेला बुक्का, फोनला वाटलं डाग आहे, त्याने पुसून टाकला. मला फार लागलं ते. पण श्यामरावांना बुक्क्याचं काही वाटलं नाही. त्यांची नजर त्या फोटोत दुसरीकडेच होती.

सहा शत्रूंच्या यादीत मत्सर शेवटी येतो, कीर्तनात आपण ऐकतो. मला वाटतं त्याला शेवटी मुद्दाम बसवलंय. म्हातारपणी पहिले पाच दमून भिंतीला टेकतात, तेव्हा हा एकटा ताजातवाना असतो.

रोज रात्री जेवताना तोच विषय.

"आज निळा कुर्ता घातलाय बघा त्याने. शोभतो."

"फोनने निळा केलाय. प्रत्यक्षात राखाडी आहे. आणि गालावर फोड आहे त्याच्या, चांगला हरभऱ्याएवढा."

"असू दे. तुमच्या गालावर काय आहे ते तरी कुठे दिसतंय?"

सरलाताई थट्टेने म्हणायच्या. दिवसभर घरात एकट्या, संध्याकाळी तेवढीच चार चित्रं, त्यातल्या स्पष्ट माणसाबद्दल बोलणार नाहीत तर काय धुक्याबद्दल बोलतील? पण श्यामरावांच्या घशाखाली आमटी उतरायची नाही. त्यांना काय हवं होतं, फार नाही. आपण वाजवताना तिला एकदा नीट दिसावं. पूर्वी ती पहिल्या रांगेतून बघायची, आणि एखादी जागा बरी निघाली की पदर सारखा करायची. तेवढ्यासाठी ते वाजवायचे, असं म्हटलं तर रामराया रागावणार नाही. आता ती बघत होती आणि समोर तो परका पोरगा होता.

आणि पोरगा तरी कसा? दुष्ट असता तर सोपं झालं असतं. रोज आल्यावर वाकून नमस्कार करायचा, "काका, काल लय वाढली का हो माझी?" विचारायचा. श्यामराव म्हणायचे, "ठीक होती," पण असं, की जणू औषधाचा चमचा पुढे करताहेत.

आता एक बारकावा सांगते, तो कळला की पुढचं कळेल. कीर्तनकार उभे असतात आणि साथीदार त्यांच्या दोन बाजूंना, थोडे मागे बसतात. ती काही कमीपणाची जागा नाही. मीनाक्षीताई निरूपण करता करता डावा हात पाठीमागे नेतात. बोटं उघडी असली तर थांबा, मिटली की सुरू करा. श्रोत्यांना तो हात दिसत नाही, मागे बसलेल्याला दिसतो. रामनवमीला तर सगळा जन्मच त्या हातावर. दुपारचे बारा वाजत आले की मूठ मिटते, पेटीवर पाळण्याची चाल निघते, बायका पाळण्याची दोरी ओढतात आणि फुलं उधळतात.

रामनवमीला श्यामराव सगळ्यांच्या आधी हॉलवर आले. त्यांनी आपलं आसन उचललं आणि चांगलं दोन हात पुढे आणून मांडलं, मीनाक्षीताईंच्याही पुढे. श्रीकांतला म्हणाले, "आज माझ्या बाजूने उभा राहा. आज मान वर ठेवून वाजवणार आहे."

क्षितिज तबला जुळवत होता. तो हलकेच म्हणाला, "काका, तिथून ताईंचा हात दिसेल का?"

"तुम्ही तुमचं बघा," श्यामराव म्हणाले. रोज अरे-तुरे करणाऱ्या माणसाने एकदम तुम्ही म्हटलं. क्षितिज पुन्हा तबला जुळवायला लागला. मीनाक्षीताईंनीही पाहिलं, पण वडीलधाऱ्या माणसाला सर्वांसमोर काय सांगायचं म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

कीर्तन फार रंगलं. हॉल भरलेला, शेजारच्या बंगाली बायकाही पाळण्याच्या दर्शनाला येऊन बसलेल्या. मीनाक्षीताई कौसल्येच्या महालात पोचल्या. दासी धावताहेत, दशरथ दाराशी येरझारा घालतोय, आणि तो क्षण आला, आणि... इथे त्या थांबल्या. ठसका लागला होता. पाण्याचा पेला घ्यायला वळल्या.

श्यामरावांना मागचं काही दिसत नव्हतं. मान वर, डोळे श्रीकांतच्या फोनवर. त्यांनी ऐकली ती फक्त शांतता. जन्माआधीची शांतता अशीच असते. त्यांनी भाता भरला आणि पाळणा सुरू केला.

ताईंचा डावा हात तेव्हा पाठीशी होता, बोटं पूर्ण उघडी. मी पाहिलं, कारण मी कडेला बसले होते. क्षितिजनेही पाहिलं. त्याचा हात तबल्याच्या वर अधांतरी राहिला, एक मात्रा, दोन मात्रा. मग त्याने समेवर थाप दिली आणि पेटीबरोबर निघाला.

मग काय, कोण थांबतंय? बायकांनी दोरी ओढली, फुलं उडाली, बंगाली बायकांनी जीभ हलवत उलूचा मंगलध्वनी केला. ताईंनी पेला खाली ठेवला आणि पाळण्याचा सूर उचलला. राम जन्मले, आणि भिंतीवरच्या घड्याळात बाराला चांगला वेळ होता.

आरती झाल्यावर शरदराव, आमचे खजिनदार, सुंठवड्याची वाटी हातात घेऊनच आले. श्यामराव वडीलधारे, त्यांना बोल लावायची सोय नव्हती, म्हणून शरदरावांनी क्षितिजला धरलं.

"तुम्हाला तरी हात दिसत होता ना?"

"दिसत होता."

"मग थांबायचं. पेटी आपोआप थांबली असती."

"थांबली असती," क्षितिज म्हणाला. "पण हॉलभर लोकांसमोर एकटी पडली असती. पेटी निघाली की तबल्याने जायचं असतं, माझ्या गुरुजींनी असंच शिकवलंय. चूक माझ्या नावावर धरा."

मीनाक्षीताई हसल्या. "कोणाच्याच नावावर नको, शरदराव. आपण पूर्वेला राहतो. कलकत्त्याला सूर्य बारा वाजायच्या आधीच डोक्यावर येतो. आजवर आपणच रामाला पुण्याच्या घड्याळासाठी थांबवून धरत होतो."

सगळे हसले. शरदरावही हसले, सुंठवडा वाटायला गेले. श्यामराव पेटीचं झाकण लावत होते. ते लागत नव्हतं. क्षितिजने येऊन एका बाजूने दाबलं तेव्हा लागलं. 

घरी सरलाताई दारातच उभ्या होत्या, काठी टेकून, मोबाइल हातात.

"अहो, आज दिसलात. केवढे स्पष्ट. पण हे काय, सुरकुत्या कुठे ठेवून आलात? लग्नातसुद्धा इतके गोरे नव्हतात."

फोनने श्यामरावांना नवरदेव करून टाकलं होतं. मान वर, टोपी शुभ्र, मिशीचा एकेक केस मोजावा असा. दिवसचे दिवस ज्यासाठी जीव टाकला तेच चित्र तिच्या हातात होतं आणि ती खुशीत होती. श्यामरावांनी चपला काढल्या, खुर्चीवर बसले.

"आणि तबलजी आज आला नाही का?" सरलाताई म्हणाल्या. "कुठे दिसत नाही."

श्यामरावांनी हात पुढे केला, मोबाइल घेतला. त्यांना दोन बोटांनी चित्र मोठं करायचं नीट जमत नाही, तीनदा निसटलं. मग जमलं.

"हा बघ. माझ्या खांद्यामागे."

"हा? हा तर पडदा आहे."

"पडदा नाही. हा हात आहे त्याचा. वर उचललेला. मी चुकलो तेव्हाचा."

"तुम्ही चुकलात?"

"चुकलो. आणि तो माझ्याबरोबर आला."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, आसन पुढे ओढल्यापासून. का ओढलं तेही सांगितलं, आणि ते सांगताना तिच्याकडे न बघता त्या धुरकट डागाकडेच बघत राहिले. सरलाताईंनीच हे मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनी थट्टा केली नाही. मध्येच पदर सारखा केला, एवढंच.

झालं, एवढीच गोष्ट. श्यामराव आता पुन्हा मागे बसतात आणि क्षितिजला अरे म्हणतात. बँकेची माणसं, आज इथे तर उद्या भोपाळला, त्याची बदली केव्हाही येईल. तो रामनवमीचा फोटो मात्र ग्रुपवर राहील, पुढे कधी मंडळाच्या भिंतीवरही लागेल, आणि नवे लोक विचारतील, हे पेटीवाले कोण. त्यांचं नाव कोणीही सांगेल. तुम्ही तेव्हा त्यांच्या खांद्यामागे बघा. तिथे जे पुसट दिसतं तो क्षितिज आहे. त्याची आठवण ठेवा.