ज्याची किल्ली त्यानंच

"पाय पुसून या. आणि प्यायचं पाणी बरोबर आणलंय ना? आमच्या नळाला आज पाणी नाही."

आत मोरीतला नळ धो धो वाहत होता. लिफ्टवाल्यानं पिशवीतली बाटली काढून तिला दिसेल अशी खिडकीत ठेवली आणि पाय गरजेपेक्षा जास्तच वेळ पुसले.

ही त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन चौदा महिने झाले होते. तिच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि दीर-भावजय आज पहिल्यांदाच एका खोलीत उभे होते. तिला काय म्हणून हाक मारायची हेही त्याचं ठरलेलं नव्हतं. तिचं मात्र ठरलेलं होतं. ती त्याच्याकडे न बघता भिंतीशी बोलायची.

त्याच भिंतीला लागून ते पिनबॉलचं यंत्र होतं. चार पायांवरचं उतरतं टेबल, वर काच, मागे उभी रंगीत पेटी आणि तिच्यात गुण दाखवणारी पाच चाकं. अंगावर बोटभर धूळ. पण चाकांपुढची काच कुणीतरी रोज पुसत असावं, कारण आकडा लख्ख दिसत होता. चौऱ्याहत्तर हजार तीनशे ऐंशी.

"शनिवारी पाचला घेणारा येणार आहे," ती भिंतीला म्हणाली. "चालू करून दाखवलं तरच घेईन म्हणतो. चार मेकॅनिक आले नि हात टेकून गेले. नाहीतर तुमच्या दारात पोरीला पाठवलं नसतं." मग चाकांकडे बोट करून, "चालू केलं की हा आकडा जाणार ना?"

"जाणार. नवा खेळ सुरू झाला की सगळी चाकं शून्यावर येतात."

"मग तुमचं फावलंच म्हणायचं."

तिचं शंभर टक्के खरं होतं. पुतणी बोलवायला आली तेव्हा तो आधी नाही म्हणाला होता आणि ती जिना उतरायच्या आत हो म्हणाला होता. लबाडीनं मिळवलेला तो आकडा त्याला स्वतःच्या हातानं पुसायचा होता. एकतीस वर्षं ते कुसळ डोळ्यात सलत होतं.

यंत्र मूळचं त्यांच्या वडिलांच्या थंड पेयांच्या दुकानातलं. धाकटा गल्ला बघायचा, थोरला यंत्र दुरुस्त ठेवायचा. यंत्राचं पोट उघडणाऱ्या पुढच्या झडपेची एकुलती एक किल्ली थोरल्याकडे असे. वडील गेले, दुकान उठलं आणि यंत्र कुणी न्यायचं यावरून जुंपली. शेवटी ठरलं की एकेक डाव खेळायचा, ज्याचे गुण जास्त त्याचं यंत्र. थोरल्यानं एकाहत्तर हजार केले. मग धाकटा उभा राहिला. त्याची कंबर अशी काही चालली की पोलादी गोळी खाली पडायचं नावच घेईना.

टेबल हलवून गोळी वाचवू नये म्हणून यंत्राच्या पोटात एक लंबक टांगलेला असतो. धक्का जास्त बसला की तो भोवतालच्या कड्याला टेकतो आणि खेळ तिथल्या तिथे बंद पडतो. त्या दिवशी खेळ बंद पडला नाही. थोरल्यानं डोक्यात राख घालून घेतली. यानं दुसरी किल्ली करून लंबक वर बांधलाय, हा चोर आहे, असं तो सगळ्या बघ्यांसमोर ओरडला आणि खिशातल्या किल्लीसकट निघून गेला. आकडा पुसला जाऊ नये म्हणून धाकट्यानं तेवढ्यात प्लग उपटला. आकडा राहिला तो राहिलाच.

पहिले दोन दिवस लिफ्टवाल्यानं फक्त मागची पेटी केली. हिरव्या पडलेल्या संपर्कपट्ट्या बारीक कानशीनं घासल्या, सुटलेले टाके डाग देऊन जोडले. उंदरांनी कुरतडलेली तार बदलली. हात कामाला लागले की त्याला बरं वाटे, पण ती बरं वाटू देईल तर ना! त्याच्या पायाखालून केर काढी. डाग देण्याचा धूर झाला की खोकत खोकत सगळ्या खिडक्या उघडी.

"छत्तीस वर्षं लिफ्टा वरखाली केल्या म्हणे," ती केराला म्हणाली. "पण या जिन्याच्या तेवीस पायऱ्या चढायला जमलं नाही. माणूस आठ दिवस दवाखान्यात होता तेव्हाही नाही."

"मला कुणी कळवलं नाही."

"कळवलं होतं. तुम्ही फोन ठेवून दिलात."

ठेवला होता खरा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

शनिवारी दुपारी तो टेबलाच्या पुढच्या झडपेशी आला. आता काच काढून टेबल उचलायचं, वाळून चिकट झालेली रबरं बदलायची की काम संपलं. कुलपाला ओरखडासुद्धा नव्हता.

"हे कुलूप तुम्ही फोडलं कसं नाहीत?"

"मी म्हणायचे, फोडू या. हे म्हणायचे, नाही. ज्याची किल्ली त्यानंच उघडायचं." ती पहिल्यांदा भिंत सोडून त्याच्याकडे बघत होती. "तुम्हाला तीनदा निरोप धाडला होता. एकदा येऊन उघड, एवढंच."

निरोप मिळाले होते. त्याला वाटलं होतं, बोलावून हिणवायचा बेत असेल.

त्यानं किल्ली फिरवली. तेल सोडून दोनदा ठोकल्यावर झडप उघडली. विजेरी आत धरली तर डाव्या बाजूला लंबक सरळ टांगलेला. कुठे दोरा नाही, तार नाही. आणि लंबकाच्या स्क्रूवर लाल ठिपका.

तो ठिपका त्यानं स्वतः लावलेला होता. लंबकाची उंची जुळवली की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा, ही त्याची जुनी सवय. स्क्रूला कुणी हात लावला की थेंब तडकणारच. त्या डावाच्या दिवशी सकाळी त्यानं मुद्दाम नवा थेंब टाकला होता. तो अखंड होता. सूतभरही तडा नव्हता.

म्हणजे धाकटा नुसताच चांगला खेळला होता.

झडप उघडून बघायला तेव्हा दोन मिनिटं लागली असती. किल्ली खिशातच होती. त्यानं चोर म्हणण्याआधी बघितलं नाही, नंतरही बघितलं नाही. आपला भाऊ शेवटपर्यंत याच गोष्टीची वाट बघत होता, आणि आपण फोन ठेवत होतो.

ती स्वयंपाकघरात होती. हातात स्क्रूड्रायव्हर होता. एकदा टोकरलं की ठिपका गेला असता आणि कुणाला कधी कळलं नसतं. त्यानं पातं स्क्रूपर्यंत नेलंसुद्धा. मग स्वतःचीच शिसारी येऊन त्यानं हत्यार पिशवीत टाकलं.

"जरा इकडे या," तो म्हणाला.

त्यानं विजेरी धरून तिला सगळं दाखवलं, काहीही न वगळता. शेवटी म्हणाला, "त्यानं लबाडी केली नव्हती. माझं चुकलं."

ती रडली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "मला काय सांगता? मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ज्यांच्यादेखत चोर म्हणालात त्यांना सांगा."

"आता कोण राहिलंय त्यातलं?"

"शिंपी गेला. सायकलवाला मुलाकडे राहायला गेला. सलूनवाला आहे नि रद्दीवाला आहे." तिनं चपला पायात सरकवल्या. "चला. मी ऐकायला येते."

सलूनमध्ये दोन गिऱ्हाईकं खुर्चीत आणि तीन बाकावर होती. म्हातारा सलूनवाला एकाच्या गालावर वस्तरा फिरवत होता. लिफ्टवाला उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "पिनबॉलच्या डावात त्यानं लबाडी केली नव्हती."

"मोठ्यानं," ती मागून म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही."

"त्यानं लबाडी केली नव्हती!"

"कुणी?" सलूनवाल्यानं कानामागे हात धरला.

"माझ्या भावानं! थंड पेयांच्या दुकानातल्या!"

"हां, तो! फार सरळ माणूस. मरेपर्यंत माझ्याकडेच यायचा." म्हातारा बहिऱ्यांच्या सवयीनं ओरडूनच बोलत होता. "त्याचा एक थोरला होता. चारचौघांत चोर म्हणाला त्याला, तोंडावर! मी तिथंच होतो. नालायक माणूस. मेला म्हणे तो."

बाकावरचे हसले. लिफ्टवाल्याला वाटलं, असंच निघून जावं. पण ती दारात उभी होती आणि बाजूला सरत नव्हती.

"मेला नाही!" तो ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "मीच तो! मी खोटं बोललो होतो!"

वस्तरा थांबला. साबण लावलेल्या गिऱ्हाइकानंसुद्धा मान वळवली. सलूनवाल्यानं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं, पाठ फिरवली आणि पुन्हा दाढी करायला लागला.

लिफ्टवाल्याचे कान तापले होते. तिनं रस्त्यापलीकडच्या घड्याळाकडे पाहिलं.

"रद्दीवाला चारला दुकान बंद करतो," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

तो तिच्या मागून निघाला.