फूटपट्टीने मोजलेली नदी

भूगोलाचे सर निवृत्त झाले तरी नदी दिसली की थांबायचे आणि कोणी विचारलेलं नसतानाही तिच्याबद्दल बोलायला लागायचे. या खोडीपायी त्यांची सख्खी मोठी बहीण कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती.

झालं होतं असं, की भाचीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच ताईकडे जेवायला आली होती. ताईचं घर नदीच्या वळणावर, परसात उभं राहिलं की खाली पाणी दिसायचं. पाहुणे म्हणाले, “काय छान जागा आहे!” तिथे गप्प बसायचं, तर सरांनी अक्कल पाजळली. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी कसं पोखरतं, माती कशी ढासळते आणि हे घर एक दिवस नदीत कसं जाणार, हे त्यांनी ताटात बोटाने वळण काढून समजावून सांगितलं. पाहुण्यांचा घास तोंडातच राहिला. लग्न झालं, पण ताईने सरांना बजावलं, “चारचौघांत माझ्या घराची शोभा केलीस. पुन्हा माझा उंबरा चढू नकोस.” आपलं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं, एवढं धरून सरही घरी बसले. शास्त्रासोबत चहा पीत गप्पा मारता येत नाहीत, हे त्यांना हळूहळू कळत गेलं.

आज सकाळी भाचीचा फोन आला. “मामा, आई दुपारी निघतेय. कायमची आमच्याकडे. टेम्पो ठरलाय. मी सांगितलं म्हणून सांगू नका हं.”

ताई लांबच्या गावी गेली की संपलंच, सरांना वाटलं. मग त्यांनी विचार केला. इतकी वर्षं घर उभं होतं, म्हणजे आपणच चुकलो होतो. आता जायचं आणि तसं म्हणून टाकायचं. ‘चूक’ हा शब्द त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांच्या वह्यांवर लिहिला होता, पण आज तो स्वतःसाठी वापरायचा ठरवल्यावर त्यांना चक्क हलकं वाटलं.

बस दुपारशिवाय नव्हती. बायको म्हणाली, “शेजाऱ्यांना विचारते, सोडतील गाडीने.” म्हणजे शेजाऱ्यांना सगळी रामकहाणी सांगणं आलं. सरांनी भिंतीवरचा नकाशा उतरवला, आपल्या घरापासून ताईच्या घरापर्यंत फूटपट्टी ठेवली आणि म्हणाले, “हे काय, एवढंसं तर आहे. काठाकाठाने गेलं की चुकायची भीतीच नाही. नदी काही भलतीकडे जात नाही.”

“नदी नाही जाणार,” बायको म्हणाली. “तुमचंच सांगता येत नाही.”

सर पायीच निघाले. सुरुवातीच्या जंगलात नदी शहाण्यासारखी वागली. दोन्ही बाजूंना खडक, मधून सरळ, खळाळतं पाणी आणि काठाने पायवाट. “कठीण खडक, म्हणून अरुंद पात्र,” सरांनी एका खारीला सांगितलं. खार थांबली नाही. वर्गात दारं बंद असायची, हा फरक सरांच्या लक्षात आला.

जंगल संपून शेतं लागली आणि नदीचा नूर बदलला. पाणी संथ झालं. ती मक्याला वळसा घालून डावीकडे गेली, मन बदलल्यासारखी उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे गेली. सर मागे मागे. वाटेत पाण्याच्या मोटारीची एक खोली लागली, तिच्याशेजारी एक बाई गवत कापत होती. सर तिच्याकडे बघून हसले आणि पुढे गेले. बरीच पायपीट झाली, शर्ट अंगाला चिकटला, तेव्हा त्यांना पुन्हा एक मोटारीची खोली दिसली. शेजारी एक बाई गवत कापत होती.

“काका, काही हरवलंय का?” तिने विचारलं.

“नाही, नाही. नदी बघतोय.”

तीच खोली, तीच बाई. फक्त आता दुसऱ्या बाजूने. मधे एक शेत होतं, बस्स. सर जागच्या जागी थिजले. नागमोडी वळणं! खडूने फळ्यावर किती वेळा काढली होती. नकाशावर नदीची लांबी दोऱ्याने मोजायची, हेही त्यांनीच शिकवलं होतं आणि फूटपट्टी लावणाऱ्याला भोपळा देऊन बाकावर उभं केलं होतं. ती सगळी पोरं आज त्या मक्यात लपून खिदळत असतील, असं त्यांना वाटलं.

मग मात्र त्यांनी काठ सोडला आणि बांधांवरून धूम ठोकली. घर दिसलं, पण पलीकडच्या काठावर. दारात भरलेला टेम्पो उभा होता. आणि घरामागचं परस नव्हतंच. उभा तुटलेला काठ, त्यावर स्वयंपाकघराचा कोपरा अधांतरी लटकत होता. सरांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं. आयुष्यभर बरोबर असण्याची हौस असलेल्या त्या माणसाला त्या क्षणी ते अजिबात नको होतं.

“ताई!” ते ओरडले.

ताई बाहेर आली. “अरे, तू? त्या बाजूला काय करतोयस?”

“चुकलो!”

“ते दिसतंच आहे!”

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. समोर पाणी खोल होतं. दोन वळणांच्या मधे ते उथळ असतं, हे सरांना आठवलं. तेवढा भूगोल कामी आला, पण शेवाळाचा धडा त्यांनी कधी शिकवला नव्हता. ते आडवे पडले आणि निथळतच काठ चढले. ताईने बांधलेलं गाठोडं सोडून पंचा काढला आणि लहानपणासारखं त्यांचं डोकं खसाखसा पुसलं.

“बोल आता. खरं ठरलं तुझं.”

“ताई, मी चुकलो म्हणायलाच आलो होतो गं.”

ताईने तुटलेल्या काठाकडे बोट दाखवलं. “तू गेलास ना, त्यानंतर मी तिथे काठावर एक खुंट ठोकला. म्हटलं, वर्षभर टिकला की या शहाण्याला बोलावते, नाक धरून दाखवते आणि जेवू घालते. पहिल्याच पावसात वाहून गेला. मग थोडा अलीकडे ठोकला. तोही गेला. दर वर्षी ठोकत गेले.” ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. “एक तरी राहायला हवा होता रे. कधीचं बोलावलं असतं तुला.”

 सर तिथेच मटकन बसले आणि ओल्या कपड्यांत हमसाहमशी रडू लागले. ताईने दंडाला धरून त्यांना उठवलं.

“इथे नको बसूस,” ती म्हणाली. “काठ ढासळतो.”