शुक्रावरचा डोंगर, साडेबावीस पट

साधना मॅडमनी विज्ञान प्रदर्शनासाठी शुक्र ग्रहावरच्या डोंगराचा नमुना केला, तो बघून मुख्याध्यापक बबनरावांनी विचारलं, "हे काय मॅडम? भाकर थापली काय?"

डोंगर खरा होता, हीच त्याची चूक. दारव्ह्याच्या शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवणाऱ्या बाईनं माप काढलं होतं: उंची आठ किलोमीटर, रुंदी चारशे. चार फुटी फळीवर तो इंचभरच उठणार! या डोंगराच्या जगभर गाजलेल्या चित्रात तो आभाळात घुसतो खरा, पण ते चित्र कॅमेऱ्यानं काढलेलंच नव्हतं. शुक्राभोवती फिरणाऱ्या यानानं रडारनं मापं घेतली, कम्प्युटरनं चित्र केलं, आणि डोंगर नजरेत भरावा म्हणून उंची साडेबावीस पट ताणली. बिचाऱ्या शास्त्रज्ञांनी तसं खाली लिहूनही ठेवलं. पण खालचं बारीक वाचायची आपल्याकडे रीत नाही.

"कम्प्युटर काय खोटं बोलते?" बबनराव म्हणाले. "परवा यवतमाळले प्रदर्शन हाय. नंबर आला त पुढच्या वर्षीच्या तासिका तुमच्या. नाही आला त मी संस्थेले काय सांगू?"

तीन वर्षं दर जूनला साधनाचा जीव असाच टांगणीला लागायचा. तिनं थर्माकोल आणला, पावणेदोन फुटांचा सुळका उभा केला, त्याला केशरी रंग फासला. स्वतःचीच लाज वाटली तिला. मग तिनं एवढंच ठरवलं, की कोणी विचारलं तर खरं सांगायचं.

यवतमाळच्या प्रदर्शनात परीक्षक नागोरावांनी नेमकं तेच विचारलं. "उंची मापात आहे ना?"

"एकदम मापात, साहेब!" बबनराव मध्येच बोलले.

"नाही सर," साधना म्हणाली. "साडेबावीस पट वाढवली आहे. खरा डोंगर इथे इंचभरच होतो."

बबनरावांचा चेहरा पडला. नागोरावांनी चष्मा वर केला. "साडेबावीस?"

"हो सर."

"वा! दिग्रसवाल्यांनी दहाच पट केली. तुमची मेहनत दिसते!"

पहिला नंबर आला. हार अर्थातच बबनरावांच्या गळ्यात पडला, आणि साधनाच्या तासिका पक्क्या झाल्या. डोंगराची वरात सगळ्या वर्गांतून फिरवायचा हुकूम सुटला.

सोमवारी तो सातवीच्या टेबलावर आला. दारात बबनराव हात मागे बांधून उभे. पहिल्या बाकावरच्या खुशीनं विचारलं, "मॅडम, खरा केवढा हाय हा?"

साधनानं दोन बोटांत इंचभर अंतर धरून दाखवलं.

"एवढुसाच?" खुशी हसली, मग वही उघडून पेन्सिल हातात घेऊन थांबली. "मंग वहीत कोणता काढू?"

साधनानं एकदा दाराकडे पाहिलं.

"मोठाच काढ," ती म्हणाली. "मार्क त्यालेच भेटते."