भिमाजीने सांगितलेले सिनेमे

"सगळं गाव म्हनलं, गेली बिचारी नावाडीन पुरात. पण नावाडी काय घरी जायना. बसून राह्यला नदीकाठाला, भाकरतुकडा सोडून," सरुबाई नातीला वरणभात भरवता भरवता सांगत होती.

"मग?" सृष्टीने घास गालात धरूनच विचारलं.

"मंग काय! तिसऱ्या दिशी खालच्या गावची बैलगाडी आली. गाडीत कोन? तीच! हिरवंगार लुगडं नेसून."

सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसलेला भिमाजी चपापला. हा तर त्याचा सिनेमा! म्हणजे त्याने कधीकाळी टॉकीजमध्ये पाहून सरूला सांगितलेला. त्यातली ती बैलगाडी आणि हिरवं लुगडं सिनेमात नव्हतंच. ते त्याने पदरचं घातलं होतं.

सरुबाई नाशिकच्या अंबडला आली ती या नातीला सांभाळायला. मुलगा जीवन आणि सून दीपमाला, दोघंही कंपनीत कामाला. आज रविवार म्हणून बाजारात गेलेली. "पोरगी शाळंत जायला लागली की येतेच," असं सांगून सरुबाई मळ्यातून निघाली होती. पोरगी आता पहिलीत गेली, आणि मखमलाबादच्या मळ्यात भिमाजी अजून एकटाच भाकऱ्या थापत होता. एक कच्ची, एक करपलेली. आज तो एकच गोष्ट ठरवून आला होता: सरूला म्हणायचं, आता पुरे झालं, घरी चल. बसमध्ये त्याने ते मनातल्या मनात घोकूनही पाहिलं होतं. पडद्यावरचे नायक भरल्या थेटरात काय काय बोलून जातात, आणि या गड्याला स्वतःच्या बायकोसमोर एक वाक्य जमत नव्हतं.

त्यांचं लग्न झालं तेव्हा घरातल्या बायका टॉकीजची पायरी चढत नसत. भिमाजीला मात्र सिनेमाचं भारी वेड. सकाळी मार्केटला भाजी टाकायची, बाराचा खेळ गाठायचा आणि दिवस मावळायच्या आत मळ्यावर हजर व्हायचं. अंगणात मेथी-कोथिंबिरीचा ढीग पडलेला असे. नवरा-बायको समोरासमोर बसून जुड्या बांधत, आणि भिमाजी सिनेमा सांगायला घेई. एरवी हा माणूस इतका घुम्या, की जेवताना मीठही खुणेने मागायचा. पण हातात जुडी आली की त्याच्या जिभेचं कुलूप निघायचं. खलनायकासारखा गुरकावायचा, नायिकेच्या आईसारखा हुंदके द्यायचा. ओसरीवरच्या म्हाताऱ्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून प्रेमाच्या जागा तेवढ्या हळू आवाजात सांगायचा. 'तुझ्यावाचून मला करमत नाही' हे तो सरूला स्वतःहून जन्मात म्हणाला नाही. नायकाच्या नावावर मात्र कितीदा तरी म्हणून घेतलं. सरू मान खाली घालून जुडी आवळायची आणि विचारायची, "मंग?"

पुढे म्हातारी वारली. एका साली कोथिंबिरीने चांगला हात दिला आणि भिमाजीने रंगीत टीव्ही आणला. डिशवाल्याकडून तारही ओढून घेतली. "घे, आता तुझं तू बघ. माझ्या तोंडून ऐकायची गरज नाय," असं तो मोठ्या दिमाखात म्हणाला. बायकोला जग दाखवलं असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून दोघं टीव्हीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसू लागली. जुड्या बांधल्या जात होत्या, पण बोलणं मुकाट्याने घरातून निघून गेलं. भिमाजीच्या ते ध्यानातही आलं नाही. सरू अंबडला गेल्यावर रिकाम्या घरात टीव्ही बडबडत राहिला, तेव्हा कुठे त्याला कळलं की आपल्याशी कुणी बोलत नाही.

सृष्टी तोंड धुऊन गॅलरीत खेळायला पळाली. सरुबाईने ताट उचललं, पण आत गेली नाही.

"ह्यो सिनेमा मागं टीव्हीवर लागला व्हता," ती म्हणाली. "त्यात ती परत येत नाय. तिचं मढंच सापडतं. तुमी मला येगळंच सांगितलं व्हतं."

"दिवसभर वाकून तुझी कंबर मोडायची. वर आनखी रडवायचं कशाला?"

सरुबाई ओठांतल्या ओठांत हसली. "मी पोरीला तुमचाच सांगते. तुमचाच बरा हाय." मग ताटातली शितं बोटाने गोळा करत म्हणाली, "एक इचारू? माझ्याशी बोलायचा कटाळा आला, म्हनून आनला व्हता का तो टीव्ही?"

इतकी वर्षं ही बाई हे मनात धरून बसली होती. नाही गं, तुझ्यासाठीच आणला होता, मी मूर्ख, मला कळलं नाही, असं बरंच काही भिमाजीच्या ओठांपर्यंत आलं.

"तसं काय नाय," तो म्हणाला.

"बरं," सरुबाई म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.

दुपारी ती नातीचं बोट धरून त्याला बसथांब्यावर सोडायला आली. ऊन मी म्हणत होतं. सीबीएस स्टँडकडे जाणारी बस आली. "लय गर्दी हाय," म्हणत भिमाजीने ती सोडून दिली. सरुबाईने पदर डोक्यावर ओढला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. दुसरी आली, तीही त्याने जाऊ दिली.

"मेथी कशी हाय औंदा?" तिनेच शेवटी विचारलं.

"बरी हाय. जुड्या बांधायला मानूस मिळत नाय."

"हं," ती म्हणाली, आणि थांबली. तिला जेवढं थांबता येत होतं तेवढं थांबली.

"आजी, पाय भाजतात," सृष्टीने तिचा हात ओढला.

तिसरी बस जवळजवळ रिकामी होती. "हिच्यात जागा हाय की," सरुबाई हळूच म्हणाली.

भिमाजी चढला. खिडकीशी बसला. खाली सरू मान वर करून उभी होती, आणि ड्रायव्हर अजून बिडी पेटवत होता. वेळ होता. भिमाजीने खिडकीबाहेर डोकं काढलं, घसा खाकरला.

"ऊन लागंल," तो म्हणाला. "जा घरी."

सरुबाईने मान डोलावली, पोरीला कडेवर घेतलं आणि जीवनच्या बिल्डिंगकडे चालू लागली.