हरवण्यास सक्त मनाई

शाळेच्या मागे टेकडी होती, टेकडीवर दाट झाडी होती, आणि खेळाच्या बाई दर शनिवारी त्या झाडीत तीसेक मुलं सोडून देत. प्रत्येकाच्या हातात नकाशा आणि तिघांत मिळून एक होकायंत्र. झाडीत दहा ठिकाणी नारिंगी निशाणं टांगलेली असत. ती क्रमाने शोधायची, प्रत्येक ठिकाणी कार्डाला चिमट्याने भोक पाडायचं आणि परत यायचं. या खेळाला ओरिएंटीअरिंग म्हणतात. हे नाव मुख्याध्यापकांना तीन वर्षांत एकदाही नीट उच्चारता आलं नव्हतं, त्यामुळे ते त्याला ‘बाईंचं ते रानात पळणं’ म्हणत.

नकाशा बाईंनी दोन सुट्ट्या खर्चून, पावलं मोजत स्वतः काढला होता. होकायंत्रं दहा होती, पण त्यांतल्या चारांना उत्तर दिशा मान्य नव्हती.

सातवीतली एक मुलगी धावण्यात कायम शेवटची, म्हणून वर्गाने तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. या खेळात मात्र तीच पहिली यायची. बाकीचे आधी धावत आणि मग नकाशा बघत. ही आधी बघायची.

नवी होकायंत्रं हवीत म्हणून बाईंनी एका प्रतिष्ठानाकडे अर्ज केला. अर्ज सतरा पानांचा होता आणि अकराव्या पानावर ‘लाभार्थ्यांच्या दिशाज्ञानात होणारी वाढ टक्क्यांत लिहा’ असं होतं. बाईंनी नवऱ्याला विचारलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, लोकांना किती दिसतं हे आकड्यांत सांगायची त्याला सवय होती. ‘चाळीस लिही,’ तो म्हणाला. ‘पन्नास खोटं वाटतं.’

चाळीस टक्के प्रतिष्ठानाला पटले. अनुदान मंजूर झालं आणि त्यापाठोपाठ प्रतिष्ठानाच्या समन्वयक मॅडम आल्या. मॅडम गोड बोलायच्या आणि सगळं वहीत लिहून घ्यायच्या. त्यांची पहिली अट अशी की एकही मूल हरवता कामा नये. बाईंनी समजावलं की खेळच तो आहे, थोडं हरवायचं आणि आपलं आपण सापडायचं. मॅडमनी वहीत लिहिलं, ‘हरवणे: धोका.’ त्यावर उपायही त्यांनीच शोधला. प्रत्येक वळणावर बाणाचा फलक लावायचा.

दुसरी अट नकाशावरच्या बोधचिन्हाची होती. छापून आलेला नकाशा बाईंनी उलगडला, तर नाकापेक्षा मोती जड. खालचा चौथा हिस्सा प्रतिष्ठानाच्या उगवत्या सूर्याने व्यापलेला. मॅडम म्हणाल्या, तिथे रिकामी जागा दिसली. त्या रिकाम्या जागेत ओढा होता.

बाई तणतणत मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, पैसे आलेत ना, मग बाण असू देत आणि सूर्यही असू दे. बाई बाण लावायला लागल्या. तीस मुलं आणि सहा धड होकायंत्रं, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता.

उद्घाटनाला प्रतिष्ठानाचे अध्यक्ष आले. मुलांना सूर्य छापलेल्या टोप्या मिळाल्या, नवी होकायंत्रं गळ्यात आली आणि शिट्टी वाजली. सगळी मुलं बाणामागून बाण बघत रांगेत गेली आणि रांगेतच परत आली. एकही हरवलं नाही. मॅडमनी शंभर टक्के लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

गोगलगाय त्या दिवशी शेवटची आली. तिने नकाशा घडी न मोडता बाईंच्या हातात दिला.

‘बाई, हा आज कशाला दिला होता?’

बाईंनी तो तसाच पिशवीत ठेवला. तीन वर्षांत मुलांपुढे इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात अध्यक्षांना हुरूप आला. मुलांना जमतं ते आपल्याला का जमू नये, असं म्हणत ते नकाशा घेऊन मॅडमसह झाडीत शिरले. फलक मंडपवाल्याचे होते आणि त्याला दुसरीकडे काम होतं, म्हणून शेवटच्या मुलामागोमाग त्याने ते काढत आणले होते. हे बाईंना ठाऊक होतं. सांगावं असं त्यांच्या मनात आलंही. पण अध्यक्षांच्या उत्साहावर पाणी कशाला ओता, असा विचार त्यांनी केला.

एक तास झाला. दीड तास झाला. मुख्याध्यापक घामाघूम होऊन, रजेचा अर्ज कोणाच्या नावे लिहावा अशा चेहऱ्याने येरझाऱ्या घालू लागले. तेव्हा बाईंनी कपाटातून जुने काळे-पांढरे नकाशे काढले, मुलांना वाटले आणि सांगितलं, ‘आज निशाण एकच आहे. ते हलतं, आणि त्याने कोट घातलाय.’

मुलं सुसाट सुटली. गोगलगाय तेवढी जागेवर उभी राहून नकाशा बघत होती. मग ती चालत ओढ्याकडे निघाली.

अध्यक्ष तिला तिथेच सापडले, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, बूट हातात. मॅडम दगडावर बसून नकाशावरचा सूर्य नखाने खरवडत होत्या. वाटेत अध्यक्षांनी तिला सांगितलं की ते हरवले नव्हते, पाहणी करत होते. ‘हो, पण पाहणी इकडून संपते,’ ती म्हणाली आणि तिने त्यांना हात देऊन वर घेतलं.

महिन्याभराने पत्र आलं. अनुदान चालू राहील. मात्र पुढल्या वर्षी बाण दुप्पट हवेत, शिवाय प्रत्येक मुलाच्या मनगटाला वाट सांगणारं घड्याळ. बाईंनी त्याच दिवशी नकार कळवला. प्रतिष्ठान बुद्धिबळाकडे वळलं, तिथे कोणी पटाबाहेर जात नाही. जाताना नवी होकायंत्रं तेवढी मोजून परत नेली.

पुढच्या शनिवारी बाईंनी पुन्हा मुलं सोडली, आता पाच जणांत एक होकायंत्र. त्या दिवशी सात मुलं चुकली. सहा जण कुरकुरत परतले. गोगलगाय पाऊण तास उशिरा आली. गुडघा खरचटलेला, केसांत काटक्या. बाई रागावणार तोच तिने नकाशा पुढे केला. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, जिथे बाईंनी काहीच काढलं नव्हतं, तिथे पेन्सिलीने एक लहान गोल होता.

‘इथे विहीर आहे, बाई. तुमची राहिली होती.’

बाईंनी पेन काढलं आणि तो गोल पक्का केला.