भरतीच्या आधी वीगो

सहा देशांची धूळ खाल्लेली मी एक जुनी बाबागाडी आहे, मित्रांनो. मिटले की मी काखेत मावते. उघडले की माझ्यात एक मूल, त्याचे पांघरूण, दोन मोठे पाव, पाण्याच्या बाटल्या आणि दांडीला अडकवलेले पॉटीचे भांडे एवढा संसार सहज बसतो.

माझा जन्म पोलंडमधल्या एका लहान कारखान्यात झाला. माझे पट्टे शिवणाऱ्या बाईने शेवटचा दोरा दातांनी तोडला आणि मला एक धक्का देऊन पाहिले. मी सरळ भिंतीपर्यंत गेले. तिने मान डोलावली. तेवढ्या कौतुकावर मी जगात आले.

स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरात एका घराने मला विकत घेतले. त्या घरात मी जेमतेम तीन आठवडे फिरले. मग तिथे माझ्याहून मोठी, जाड चाकांची, मखमली गादीची गाडी आली आणि माझी रवानगी तळघरात झाली. एका बाजूला आंबवलेल्या कोबीचे पिंप, दुसऱ्या बाजूला काकडीच्या लोणच्याच्या बरण्या. चार वर्षे मला ऊन दिसले नाही. माझ्या कापडाला उंदरांनी भोक पाडले. आपला जन्म वाया गेला, असे मला वाटू लागले होते.

मग एके दिवशी दार उघडले आणि ल्युबित्सा आत आली. ती त्याच इमारतीत राहायची आणि कपडे दुरुस्त करायच्या दुकानात शिवणकाम करायची. घरमालकांनी तिला सांगितले होते, “हवी तर ने, नाहीतर भंगारातच द्यायची आहे.” तिने मला उजेडात आणले, साबणाने खसखसून धुतले आणि भोकावर जुन्या जीन्सचे ठिगळ लावले. माझ्या चाकांत तेल सोडताना ती म्हणाली, “तयारी कर बाई. आपल्याला लांब जायचंय.”

लांब म्हणजे स्पेनच्या पार पश्चिम टोकाला, वीगो बंदरात. ल्युबित्साचा नवरा इम्रिख तिथल्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. अकरा महिन्यांत तो घरी आला नव्हता. त्याने जोडलेले जहाज मे महिन्यात पाण्यात उतरणार होते आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत बोलावले होते. दुसऱ्याच दिवशी जहाजाबरोबर तो उरलेल्या कामासाठी सहा महिने नॉर्वेला जाणार होता. त्यांची मुलगी दोरोत्का अडीच वर्षांची. तिला बाप आठवत होता तो फोनमधलाच. ती फोनलाच ‘तातो’, म्हणजे बाबा, म्हणायची आणि झोपताना त्याला पापी द्यायची.

दोरोत्काच्या कानाचे ऑपरेशन झाले होते. सहा महिने विमानात बसवायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून रेल्वे, बस आणि मी.

ल्युबित्साच्या सासूबाई, त्यांचे नाव एतेला, आम्हाला निरोप द्यायला स्टेशनवर आल्या होत्या. गाडी येईपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

“चार दिवस पोरीला घेऊन रेल्वेत? अगं, तू बाजारात गेलीस तरी वाट चुकतेस!”

“बाजारात मला कुणी भेटायचं नसतं, आई.”

“व्हिएन्नाहून परत येशील बघ.”

“आलेच तर केक घेऊन येईन. ती पॉटी द्या बरं इकडे.”

आम्ही व्हिएन्नाहून परत आलो नाही. चार वर्षांखालच्या मुलांना रेल्वेत तिकीट नव्हते, त्यामुळे दोरोत्का राणीसारखी फुकट निघाली होती. ल्युबित्साने घरून तळून पावात घातलेले मांसाचे काप आणि खसखशीच्या वड्या आणल्या होत्या. त्या दोन दिवस पुरल्या. म्युनिकच्या स्वस्त वसतिगृहात एका खोलीत आठ माणसे झोपली होती. तिथल्या उंच पलंगावरून पोर पडेल म्हणून दोरोत्काला माझ्यातच झोपवले. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत जिने संपतच नव्हते. पण दर जिन्याशी कुणीतरी न बोलता माझी पुढची दांडी धरायचे, वर नेऊन ठेवायचे आणि निघून जायचे. दांडीवरची पॉटी खडखड वाजायची. लोक वळून बघायचे आणि दोरोत्का त्यांना हात करायची. मला कोण अभिमान वाटायचा! तळघरातल्या त्या बरण्यांनी मला आता पाहायला हवे होते.

चौथ्या दिवशी दुपारी फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, सँ-जाँ-द-ल्यूझ नावाच्या गावात आमची गाडी थांबली ती थांबलीच. रेल्वेचा संप सुरू झाला होता. बसही बंद होत्या. सीमेपलीकडच्या इरुन गावातून संध्याकाळी साडेसहाला वीगोची बस सुटणार होती आणि इरुन पंधरा किलोमीटरवर होते. टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ल्युबित्साने त्याचे आभार मानले आणि दार लावून घेतले. मग तिने इम्रिखला फोन केला.

“परत फिर, ल्युबा,” तो म्हणाला. “उद्या दहा वाजून वीस मिनिटांनी भरती आहे. जहाज तेव्हाच सोडतात, एक मिनिट पुढेमागे करत नाहीत. पोरीचे हाल नको करूस.”

“पोरीचे हाल? ती मजेत वडी खातेय.”

“आणि तुझे?”

ल्युबित्साने मला इरुनच्या रस्त्याकडे वळवले. मग ती म्हणाली, “इम्रो, तू दाढी करून ठेव. आम्ही चालत येतोय.”

समुद्राच्या कड्यावरून जाणारा तो रस्ता सारखा चढायचा आणि उतरायचा. चढावर ती मला छातीने रेटायची, उतारावर सगळे वजन मागे टाकून धरायची. सात किलोमीटर झाले असतील. एका उतारावर माझे पुढचे डावे चाक निखळले, उड्या मारत गेले आणि कड्यावरून खाली समुद्रात पडले. मी एका बाजूला कलंडले. पट्ट्यांनी दोरोत्काला घट्ट धरून ठेवले. तिला काहीच लागले नाही. ती खाली बघून म्हणाली, “अजून एक टाक!”

ल्युबित्सा रस्त्याच्या कडेला बसली आणि चार दिवसांत पहिल्यांदाच रडली.

जवळच्या शेतघरातून एक म्हातारी बाहेर आली. तिचे नाव गाशुशा. ल्युबित्साने शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सगळे सांगितले: नवरा, जहाज, भरती, बस.

“अकरा महिने?” गाशुशा म्हणाली. “माझा मासेमारीला जायचा तेव्हा मी पाच महिन्यांतच भांडी फोडायला लागायचे. ऊठ. रडायला बसमध्ये भरपूर वेळ मिळेल.”

तिने घरातून बाजाराची चाकांची पिशवी आणली, उलटी केली आणि पक्कड घेऊन तिचे एक चाक काढू लागली.

“अहो आजी, तुमची पिशवी!”

“मंगळवारपर्यंत बाजार नाही. तोपर्यंत माझ्या जावयाला काहीतरी काम हवंच आहे.”

ते चाक निळे होते आणि बोटभर लहान. ते बसवले तेव्हा मी डावीकडे किंचित झुकले. पण चालले, मित्रांनो! कारखान्यात भिंतीपर्यंत गेले होते त्यापेक्षा ताठ मानेने चालले. सीमेच्या नदीवरचा पूल आम्ही जवळजवळ पळत ओलांडला. बसचा चालक दार लावत होता. ल्युबित्साने लांबूनच हाक मारली, दोरोत्काने मारली, पॉटी वाजली. दार पुन्हा उघडले.

रात्र मी बसच्या पोटात बॅगांखाली काढली. सकाळी वीगोला पोचायला दीड तास उशीर झाला. साडेनऊ वाजून गेले होते. शहर डोंगरउतारावर वसलेले आणि कारखाना तळाशी, पाण्याला लागून. ल्युबित्साने दोरोत्काचे पट्टे दोनदा तपासले आणि आम्ही उताराला लागलो. फाटकावरचा पहारेकरी हात आडवा करून म्हणाला, “गाड्या आत नेता येत नाहीत.” त्याने माझे निळे चाक पाहिले, ल्युबित्साचे फुटलेले बूट पाहिले आणि हात खाली घेतला. “ही गाडी नाही दिसत,” तो म्हणाला. “जा, पळा!”

जहाज एखाद्या लाल इमारतीसारखे उभे होते. त्याच्याखाली पिवळ्या टोप्या घातलेले कामगार, आणि त्यांतला एक आमच्याकडे धावत येत होता. त्याने दाढी केली होती. घाईत हनुवटी कापून घेतली होती.

तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. दोरोत्काने आईच्या हातातला फोन पाहिला, मग त्याच्याकडे पाहिले. तिने त्याच्या गालावर बोट दाबून बघितले, नाकाला हात लावला.

“आई,” ती म्हणाली, “तातो मोठा झाला!”

इम्रिखने तिचे पट्टे सोडले आणि तिला उचलून खांद्यावर घेतले. तेवढ्यात भोंगा वाजला, आधाराचे ठोकळे निघाले आणि ते प्रचंड जहाज आधी हळू, मग सुसाट घसरत समुद्रात शिरले. सगळ्या बंदराने आरोळी ठोकली. दोरोत्का बापाच्या खांद्यावर होती. मी रिकामी होते, आणि मित्रांनो, रिकामे असण्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

त्या दिवसाला आता सात वर्षे झाली. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या आया ल्युबित्साकडे येतात आणि मला घेऊन जातात. परत आले की ती माझे पट्टे ओढून बघते, तेल घालते, उसवलेले शिवते. मित्रांनो, तुमच्याही घरात पलंगाखाली, माळ्यावर एखादी वस्तू पडून असेल. तिला उजेडात आणा. ठिगळ लावावे लागले तर लावा आणि जिला गरज आहे तिच्या हाती द्या. धूळ आम्हाला दोन्हीकडे खावी लागते, पण रस्त्यावरच्या धुळीची चव फार वेगळी असते.

आणखी पुष्कळ सांगितले असते, पण फलाटावर गाडी लागली आहे. माझ्यात बसलेला दहा महिन्यांचा बोयान पाय झाडतो आहे आणि त्याच्या आईला इस्तंबूलला पोचायचे आहे. सरका बरे जरा, वाट द्या.