विषय : टाका मध्येच सुटतो

बॉबिनच्या भोकातून संगणकाच्या पडद्याचा एवढासा निळा तुकडा दिसत होता. तिने बॉबिन डोळ्यासमोरून खाली घेतली तेव्हा पडदा पुन्हा अख्खा झाला, आणि त्यावर तो मेल तसाच होता — ठळक अक्षरांतला, न उघडलेला. जुन्या शिवणयंत्रांचा ऑनलाइन फोरम सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर.

रुग्णालयाच्या कपडेखोलीत सकाळी शिवायला आलेल्या फाटक्या चादरी अजून तशाच पडल्या होत्या. आज बिघाडाचा छडा लावायचाच, असं तिने ठरवलं होतं. तक्रार साधी होती : फोरमवर कोणी उत्तर दिलं की मेल यायला हवा, कधी येतो, कधी येत नाही. संगणकवाला सकाळीच येऊन बघून गेला. मेलपेटी भरलेली नव्हती, पत्ता बरोबर होता. "स्पॅममध्ये बघितलंत का, ताई? लोक तिथे अख्खं सासर कोंबून ठेवतात," असं म्हणून त्याने तेही उघडलं. तिथेही काही नव्हतं. ती हसली. बिघाड सापडायला हवा होता... बिघाड असता तर दादा गप्प नव्हता, असा त्याचा अर्थ झाला असता.

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिने त्यांचं मशीन दादाला न विचारता उचलून आणलं, तेव्हापासून दोन वर्षं बहीणभावाचं बोलणं बंद. मग ते मशीन टाके सोडू लागलं — दहा नीट, अकरावा गायब — आणि तिने टोपणनावाने फोरमवर प्रश्न टाकला. 'चष्मेवाला' नावाच्या कोणीतरी लिहिलं : आधी चार टाके घाला, आणि मशीनकडे नाही, हाताकडे बघा, हात कापड ओढतोय का? बाबा मशीनं दुरुस्त करत, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हेच करायला लावत. हे वाक्य दादाशिवाय कोणाकडे असणार? तिने काही ओळखलंच नाही अशा थाटात उत्तर दिलं, मग त्याचं आलं, मग तिचं. सुई, तेल, दोऱ्याचा ताण. दोन वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. आणि चार महिन्यांपूर्वी त्याच्या नव्या प्रश्नाचा मेल आला : "मशीनच्या उजव्या कोपऱ्याला टवका उडालाय का?"

लहानपणी मीच पाडलं होतं ते मशीन. मार दादाने खाल्ला.

तिने तो प्रश्न मेलमध्येच वाचला, दहादा वाचला, पण फोरमचं पान उघडलं नाही. तिथे नावापुढे हिरवा ठिपका लागतो, आपण आल्याचं त्याला कळलं असतं. आणखी एक मेल येऊ दे, मग बघू... तो आलाच नाही. पहिल्या महिन्यात भीती होती, दुसऱ्यात वाट बघणं, पुढे नुसता राग : ओळखलंस आणि तोंड फिरवलंस, तुझं नेहमीचंच.

तिने मेल उघडला.

माणूस मुद्द्याचं लिहिणारा होता. 'यंत्रणेत दोष नाही. एका विषयावर नवं उत्तर आलं की आम्ही एकच मेल पाठवतो. तुम्ही पान उघडून बघेपर्यंत त्या विषयाचा दुसरा मेल जात नाही. नाहीतर लोकांच्या पेट्या भरून वाहतील. तुम्ही पान शेवटचं उघडलंत त्याला चार महिने झाले. शेवटचा मेल गेल्यानंतर तिथे आणखी सात उत्तरं आली आहेत. शेवटचं एकोणीस दिवसांपूर्वीचं.'

सात. ती उत्तरं कोणाची, हे त्याने लिहिलं नव्हतं. त्याला काय ठाऊक, कोणाची असायला हवी होती ते. सातही दादाची असतील, किंवा टवक्यांवर मतं देणाऱ्या सात परक्यांची... आणि एकोणीस दिवसांपूर्वी काय लिहून तो थांबला असेल? चार महिने मी ऐकत होते तो अबोला मग कोणाचा होता? तिने रागाला हात घालून बघितला, रोजच्या जागी. तो तिथे नव्हता. त्याच्या जागी काय आलं ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण राग सोपा होता एवढं खरं.

संगणकवाला दारातून डोकावला. "सापडला का बिघाड, ताई?"

"सापडला."

"कुठे होता?"

तिने माउस पुढे ओढला. तो गेला. बाण पानाच्या दुव्यावर येऊन उभा होता, बोट बटणावर होतं आणि हलत नव्हतं. पडद्यावरून नजर काढून ती आपल्या हाताकडे बघत राहिली — बाबा बघत तशी, घाई न करता, पहिला टाका पडायची वाट बघत.